कपबशीपुढचे अंगठे

परवा दुपारी सोसायटीच्या फाटकाशी रिक्षा उभी करून कुणीतरी भोंगा लावला आणि माझी झोप मोडली. निवडणूक आली. संध्याकाळी खाली उतरले तर बाकावरच्या निवृत्त मंडळींत एकच विषय: यंदा राजकारणाबाहेरचा नवा माणूस निवडून द्यावा, की मुरलेला, जाणता? देवधरांनी मला पाहिलं. "वहिनी, तुम्ही इतकी वर्षं लखनौला काढलीत. तुमचं काय मत?" मी म्हटलं, "गॅसवर दूध आहे हो माझं," आणि वर निघून आले. दूधबीध काही नव्हतं.

मत नाही असं नाही. मी सांगलीची, मत नसलेलं माणूस आमच्याकडे औषधालासुद्धा सापडायचं नाही. पण हा प्रश्न कुणी विचारला की मला लखनौचा एक नोव्हेंबर आठवतो आणि जीभ टाळ्याला चिकटते. पंचवीस वर्षांच्या वर झाली. तरी चिकटते.

नव्वदनंतरची मधली वर्षं होती ती. आम्ही निशातगंजात राहायचो. हे, म्हणजे माझे यजमान, सरोजिनी नगरजवळच्या एका कारखान्यात इंजिनिअर. सकाळी सातला कंपनीच्या बसनं कानपूर रोडला लागायचे. मी चौक नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका बँकेच्या शाखेत क्लार्क. सहा आसनी टेंपोत गुडघे आवळून बसायचं, गोमतीवरच्या पुलावर गार वारा कानांत घ्यायचा, चौकात उतरून पुढं गल्लीतून चालायचं. नोव्हेंबर लागला की त्या गल्ल्यांचा वासच बदलायचा. शेगड्यांचा धूर, भाजलेल्या शेंगा, ओल्या रजयांतला जुना कापूस. पिंजाऱ्याच्या धनुकलीचा तुंई-तुंई आवाज सकाळपासून चालू. कोपऱ्यावर मोठ्या परातीत मक्खन मलाई, केशराचा शिडकावा केलेला नुसता पांढरा फेस. ऊन चढलं की तो बसतो, म्हणून लोक घाईघाईनं द्रोण हातात घेऊन उभ्यानंच खायचे. मी एकदा डब्यात भरून घरी न्यायला निघाले होते तर तो विकणारा हसून म्हणाला, "मैडम, यह घर तक नहीं चलती।" मी तरी नेली. डब्यात चमचाभर दूध निघालं. आमच्या यांनी ते महिनाभर पुरवून पुरवून ऐकवलं.

तर त्या नोव्हेंबरात शहराची निवडणूक होती, वॉर्डावॉर्डाची. कित्येक वर्षांनी होत होती, म्हणून उत्साह दांडगा. आमच्या शाखेच्या मागच्या गल्लीत चिकनचं भरतकाम करणाऱ्या बायका राहायच्या. त्या गल्लीत दोन उमेदवारांची चर्चा होती. एक वकीलसाहेब. तीस वर्षं राजकारणात, एकदा आमदारकीही करून आलेले, पांढरी शेरवानी, बोलणं इतकं मऊ की माणसाला नकार मिळालाय हे त्याला घरी पोचल्यावर कळायचं. दुसरे मिश्रीलाल. आयुष्यभर त्याच गल्ल्यांत टपाल वाटून नुकतेच निवृत्त झालेले पोस्टमन. सगळे त्यांना डाकबाबू म्हणत. राजकारणाचा गंधसुद्धा नाही. पण कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कुणाचा मुलगा सौदीहून पत्र धाडायचा थांबला, हे सगळं त्यांना ठाऊक. कारण पत्र देऊन ते जात नसत, उंबऱ्यावर बसून वाचूनही दाखवत. अपक्ष उभे राहिले, चिन्ह मिळालं कपबशी. गल्लीतल्या बायका त्यांना चिडवायच्या, "डाकबाबू, चाय तो पिलाइए पहले।" आणि ते लाजायचे, साठीचा माणूस!

हा सगळा खटाटोप पाण्यासाठी होता. त्या गल्लीतल्या नळाची लाईन गटारातून जायची आणि कुठंतरी फुटलेली होती. उन्हाळ्यात नळाला गढूळ, वास मारणारं पाणी यायचं आणि घराघरांत कावीळ. तिथले लोक तिला पीलिया म्हणत आणि पाऊस-उन्हासारखी ती येणारच असं धरून चालत. वकीलसाहेब म्हणत होते, फाईल मला माहीत आहे, वरपर्यंत नेतो, जरा दम धरा. डाकबाबू म्हणत, फाईल मला माहीत नाही, पण लाईन कुठं फुटली आहे ती जागा मी रोज सायकल उचलून ओलांडली आहे.

घरी आमचं यावरून रोज वाजायचं. आमचा वॉर्ड वेगळा, आमचं मतही तिथं नाही. पण पोह्यांवर लिंबू पिळता पिळता भांडायला वॉर्ड कुठं लागतो?

"पोस्टमनला काय कळतंय फाईल कुठं अडते ते?" हे म्हणायचे. "नव्याचे नऊ दिवस. तिथं मुरलेला माणूसच पाहिजे."

"मुरलेलं आणि बुरसटलेलं यात फरक असतो," मी म्हणायची. "लोणच्याची बरणी उघडून वास घेतल्याशिवाय कळत नाही."

"आणि तुझा डाकबाबू म्हणजे कच्ची कैरी."

"असू दे. कैरीनं कावीळ तर होत नाही!"

मुलगी दप्तर भरता भरता हिंदीत ओरडायची, "आप लोग रोज़ यही लड़ते हो!" ती मराठी ऐकायची सगळं, बोलायची मात्र हिंदीच.

मी डाकबाबूंच्या बाजूनं इतकी भांडायची त्याला कारण होतं हुस्नआरा आपा. माझ्या काउंटरवरची पहिली खातेदार. गल्लीतल्या बायकांत वयानं आणि शब्दानं मोठी. बारीक टाक्याचं काम अजून डोळ्यांना चष्मा न लावता करायची. मी रुजू झाले तेव्हा या बायकांची खाती नव्हती. भरतकाम करवून घेणाऱ्या कारखानदारांचे दलाल मजुरीच्या कसल्याही कागदावर कसलाही शिक्का मारून आणत आणि सांगत, झालं तुमचं काम. मग मीच त्यांना एकेक करून आणलं, खाती काढून दिली. आपा पहिल्या दिवशी शाईचं पॅड बघून मागं सरकली होती. मी तिचा अंगठा धरून कागदावर टेकवला आणि म्हटलं, "आपा, मुहर तो कोई भी लगा दे। अंगूठा सिर्फ़ आपका है। बग़ैर अंगूठे के काग़ज़ कच्चा है।" ते तिला फार आवडलं. तिनं ते वाक्य गल्लीभर नेलं. पुढं मी विसरले तरी बायकाच एकमेकींना बजावायच्या, "अंगूठा लगाया? नहीं तो कच्चा है।" मला काय अभिमान वाटायचा तेव्हा! नवी बाई खातं काढायला आली की मी मुद्दाम तेच वाक्य तिच्याकडून म्हणवून घ्यायची.

आपाच्या अंगठ्यावर लहानपणी अडकित्त्यानं झालेला आडवा व्रण होता. ठसा उमटला की मधोमध एक पांढरी तिरकी रेघ राहायची. सहा वर्षांत तो ठसा मी इतक्यांदा पाहिला होता की हजारांत ओळखला असता.

आपाला एकच मुलगी, शब्बो. मार्चमध्ये तिचा निकाह झाला, मलीहाबादला दिली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आपा बँकेत आली ती नुसती सांगायला. मला बाजूला बोलावून कुजबुजली, "बीबी, शब्बो को दिन चढ़े हैं। पहला जापा तो मायके में ही होगा न? गर्मियों में आएगी।" आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी, तसं त्यांच्याकडंही. मी म्हटलं, "अरे वा आपा!" आणि तिचे हात धरले. ती मात्र हसली नाही. म्हणाली, "बस यह पानी ठीक हो जाए। डाकबाबू जीत जाएँ, तो कह रहे हैं होली से पहले नल की लाइन खुदवा देंगे। पेट से लड़की को यह पानी कैसे पिलाऊँ?"

म्हणून मी भांडत होते. तत्त्वबित्त्व सगळं नंतर.

प्रचाराचे ते दहा-बारा दिवस माझ्या डोळ्यांपुढं अजून आहेत. वकीलसाहेबांची माणसं जीपमधून येत, आणि एक गोष्ट मी बघितली पण मनावर घेतली नाही. त्यांच्याबरोबर खोटी मतपत्रिका असायची आणि लाकडी शिक्का. घरोघर बायका-पुरुषांना बसवून ते शिकवत: शिक्का असा धरायचा, एकदाच मारायचा, कागदाची घडी आधी उभी घालायची, मग आडवी, म्हणजे शाई दुसऱ्या नावावर उमटत नाही. मी शेंगा खात उभी होते. मनात म्हटलं, काय पोरखेळ चालवलाय हा! लोक काय कुक्कुली बाळं आहेत का? डाकबाबूंनी यातलं काही केलं नाही. ते आपले दारोदार सायकल टेकवून पाण्याचं बोलत, मधेच कुणाचं पत्र वाचून देत. बायका म्हणत, आमचं मत पक्कं आहे, डाकबाबू, तुम्ही निश्चिंत राहा. त्यांना ते पुरेसं वाटलं. मलाही.

मतदानाच्या दिवशी सुट्टी होती. मी घरी गाजरं किसत होते. नंतर आपानंच सांगितलं, बायका धुतलेले दुपट्टे घेऊन पहाटेच रांगेत उभ्या राहिल्या, धुक्यात एकमेकींना धरून.

मतमोजणीला माझी ड्यूटी लागली. सरकारी बँकवाल्यांना लावतच असत, आणि कुणाला कुठलं टेबल ते चिठ्ठ्यांनी ठरे. मला तोच वॉर्ड आला. एका कॉलेजचा हॉल, जाळीच्या पलीकडं उमेदवारांची माणसं, बाकांवर पेट्या. सकाळचं ऊन खिडकीतून तिरकं पडलेलं आणि पेट्या उघडल्या की कागद आणि लाखेचा वास. आम्ही घड्या उलगडून गठ्ठे लावत होतो. कपबशी चांगली चालली होती. मी वर बघत नव्हते, पण आतून मला बरं वाटत होतं.

मग एक कागद उलगडला. कपबशीपुढं शिक्का, नीट, सरळ. आणि शिक्क्याच्या शेजारी अंगठा.

सहा वर्षांची सवय वाईट. बँकेत कागदावर काही वेगळं दिसलं की हात आपोआप तो बाजूला ठेवतो. मी तो बाजूला ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी पाहिलंही नव्हतं. शेजारच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "क्या हुआ?" आणि मी म्हटलं, "सर, थंब इम्प्रेशन।" नियम सगळ्यांना पाठ होता: मत कुणाचं हे ओळखू येईल अशी खूण असली की मत रद्द. जाळीपलीकडून वकीलसाहेबांचा माणूस लगेच उठून उभा राहिला. म्हणाला, हो साहेब, रद्द, आणि मघाचे गठ्ठेही पुन्हा बघा, आमची मागणी आहे.

पुन्हा बघितले. तो दुसरा फेरा मी माझ्या हातांनी केला. एक, आणखी एक, आणखी एक. शिक्का कपबशीवर आणि बाजूला अंगठा. मतपत्रिका घेताना टेबलावर अंगठा घेतातच, शाई ओली असते. आत जाऊन शिक्का मारला, कागद कच्चा राहू नये म्हणून अंगठाही टेकवला. मला एकेक ठसा ओळखू येत होता. हा बन्नोचा, टोकाला चपटा. हा सकीनाचा, कायम जास्त दाबणारी. आणि मग तिरकी पांढरी रेघ. मी तो कागद किती वेळ धरून ठेवला कोण जाणे. अधिकारी म्हणाले, "मैडम, आगे बढ़िए।" मी तो रद्दच्या गठ्ठ्यावर ठेवला.

डाकबाबू सतरा मतांनी पडले. रद्दचा गठ्ठा त्याहून बराच जाड होता. ते जाळीपलीकडं जुना मफलर गळ्याशी धरून उभे होते, आणि वकीलसाहेबांनी येऊन त्यांना मिठी मारली तेव्हा त्यांनीही मारली.

रात्री मी यांना सगळं सांगितलं. यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "तू नसतं बाजूला काढलंस तरी कुणीतरी काढलंच असतं." खरं असेल. पण कुणीतरी नाही, मी काढलं. आणि ते वाक्य तर माझंच होतं. अहो, आम्ही दोघं महिनाभर पोह्यांवर भांडलो, कुणाला निवडावं म्हणून. त्या बायकांना मत देतात कसं, हे एकदा बसून दाखवावं असं माझ्या टाळक्यात आलं नाही! ते वकीलसाहेबांच्या माणसांच्या आलं, कारण त्यांनी अशी मतं बाद होताना आधी पाहिली होती. अनुभव म्हणतात तो हा असतो, हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्याचा मला राग आला. अजून येतो.

तीन-चार दिवसांनी आपा बँकेत आली. चेहरा उतरलेला. म्हणाली, "बीबी, डाकबाबू हार गए। समझ में नहीं आता कैसे। हमारी गली की सारी औरतों ने उन्हीं को दिया। और पक्का दिया, ठप्पा भी, अंगूठा भी।" हे सांगताना तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. सांगावं की नाही? मोजणीतलं बाहेर बोलायचं नाही अशी लिहून दिलेली सही होती, ती मी स्वतःला दाखवली. पण खरं सांगते, सही नसती तरी मी बोलले नसते. धीरच झाला नसता. मी म्हटलं, "क्या पता, आपा।"

हिवाळा सरला. होळी झाली. नळाची लाईन कुणी खोदली नाही. वकीलसाहेब बोलल्याप्रमाणे फाईल वर नेत होते. मला वाटतं नेतही असतील. मी बँकेत जाता-येता आपाला सांगायची, पाणी उकळून प्या, उकळून प्या. ती म्हणायची, "बीबी, दिन भर का पानी उबालूँ तो काम कब करूँ?" मेमध्ये शब्बो आली. एकदा आईबरोबर बँकेतही आली होती, पोटावर ओढणी सावरत, घामानं थबथबलेली. कूलरपुढं खुर्ची दिली तर बसायला लाजली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गल्लीत कावीळ आली, नेहमीसारखी. पोटुशी बाईला ती किती वाईट लागते हे मला तोवर माहीत नव्हतं. शब्बोचे डोळे सोमवारी पिवळे झाले. शुक्रवारी ती गेली, आणि बाळही तिच्याबरोबरच.

मी गेले होते. गल्लीत इतकं ऊन होतं की डोळे उघडवत नव्हते. वकीलसाहेब आधीच येऊन बसलेले होते, शेरवानी घामानं पाठीला चिकटलेली. इस्पितळाची गाडी, बर्फ, सगळं त्यांनीच पाहिलं होतं. खोटं कशाला बोलू, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. डाकबाबू दाराबाहेर सायकल धरून उभे होते. ती भिंतीला टेकवायचंही त्यांना सुचलं नव्हतं. पुढच्या वर्षी, दुसरी कुठलीशी निवडणूक तोंडावर आली तेव्हा, वकीलसाहेबांनी ती लाईन बदलून घेतली. नवीन पाईप, गटाराच्या वरून. काम चोख झालं. त्या उन्हाळ्यात गल्लीत कुणाला कावीळ झाली नाही, हे मीच तुम्हाला सांगते.

डाकबाबू निवडून आले असते तर होळीआधी लाईन खोदली गेली असती का? हे म्हणतात, नसती. फाईलच्या पहिल्या टेबलावरच ते अडकले असते. असेल. मी पुष्कळ विचार केला आहे यावर, भाजी चिरताना, रांगेत उभं असताना, आणि मला उत्तर आलेलं नाही. म्हणून देवधरांना मी काय सांगू? नवा द्या की जुना द्या? ते बाकावर बसून वास घेत असतात बरणीचा. मला त्या प्रश्नात तिरकी पांढरी रेघ दिसते.

शब्बोला जाऊन महिना-दीड महिना झाला आणि एक दिवस आपा माझ्या काउंटरवर आली. खात्याच्या वारसाच्या जागी शब्बोचं नाव होतं, ते काढायचं होतं. कुणाचं घालायचं, मी विचारलं. म्हणाली, बहिणीचं घाला, कुणाचं तरी घाला. मी फॉर्म भरला. शाखेचा शिक्का मारला, तिथल्या तिथं, नेहमीच्या जागी. मग पॅड पुढं सरकवलं. ती खूप बारीक झाली होती. मी तिचा अंगठा धरला, पहिल्या दिवशी धरला होता तसा, आणि शिक्क्याशेजारी टेकवला. शब्बोच्या नावावर आडवी रेघ मारलेली, तिच्याखाली तो ठसा उमटला.

आपा कागदाकडं बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, तरी बघत राहिली. मग मला विचारलं, "अब तो पक्का हो गया न, बीबी?"

मी म्हटलं, "हाँ आपा। पक्का हो गया।"